सूर्याची चौकट

(जपानी लिपीत रोज वापरले जाणारे एक चिन्ह आहे. ते एकच चिन्ह वेगवेगळ्या शब्दांत वेगवेगळ्या रीतीने वाचले जाते. ते कसे वाचावे आणि कसे लक्षात ठेवावे, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना वही आणि पेन्सिल जवळ ठेवा.)



वहीत २ हा आकडा लिहा आणि तो मराठीत मोठ्याने वाचा. तुम्ही 'दोन' म्हणालात. आता त्याच्यापुढे 'रा' लिहा. '२ रा' हे तुम्ही 'दोनरा' असे वाचणार नाही, 'दुसरा' असे वाचाल. आता २२ लिहा. याचा उच्चार 'बावीस'. येथे पहिला २ 'वीस' झाला आणि दुसरा २ 'बा' झाला. शेवटी २½ लिहा. हे आपण 'अडीच' वाचतो, उर्दूत 'ढाई' म्हणतो. या शब्दात 'दोन' कोठेच ऐकू येत नाही.

आकडा तोच, आकार तोच, अर्थही तोच. उच्चार मात्र चार. तरीही तुम्ही कधी अडखळला नाहीत. आजूबाजूला काय लिहिले आहे ते पाहून तुम्ही योग्य उच्चार केलात.

जपानी भाषेतील हजारो चिन्हे अशीच असतात. त्यांना 'कांजी' म्हणतात. कांजी म्हणजे चिनी अक्षरे. आपले अक्षर आवाज दाखवते. 'क' पाहिला की 'क' म्हणायचे, त्याला स्वतःचा अर्थ नसतो. कांजी मात्र अर्थ दाखवते, आपल्या २ या आकड्यासारखी. तिचा उच्चार शब्दावरून ठरतो. आज आपण अशी एकच कांजी नीट शिकणार आहोत. तिचा अर्थ 'सूर्य' आणि 'दिवस'.

चिन्ह कसे काढावे

एक उभा आयत काढा. त्याच्या मधोमध एक आडवी रेघ द्या. झाले चिन्ह तयार! दिसायला ते दोन खणांच्या लहान कपाटासारखे आहे.

पण जपानी शाळेत ते वाटेल तसे काढू देत नाहीत. त्याचे चार फटकारे ठरलेले आहेत. पहिला, डावीकडची उभी रेघ वरून खाली. दुसरा, वरची आडवी रेघ डावीकडून उजवीकडे, आणि हात न उचलता तशीच वळून उजवी बाजू खालपर्यंत. तिसरा, मधली आडवी रेघ. चौथा, तळाची आडवी रेघ. आधी घराच्या भिंती आणि छप्पर, मग आतले सामान आणि सर्वांत शेवटी दार लावणे, असा हा क्रम लक्षात ठेवा.

सूर्य तर गोल आहे, मग चिन्ह चौकोनी का? तीन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये लोक हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर अक्षरे कोरत. तेव्हा सूर्याचे चित्र म्हणजे एक गोल आणि त्यात एक टिंब असे असे. टणक हाडावर गोल रेघ कोरणे अवघड. त्यामुळे गोलाला कोपरे आले. पुढे लेखणी आणि कुंचला आला तरी कोपरे राहिले आणि टिंबाची रेघ झाली.

येथे एक इशारा. आत एकाऐवजी दोन आडव्या रेघा दिल्या, तर चिन्हाचा अर्थ 'डोळा' होतो. आत अधिक चिन्हासारखी फुली दिली, तर 'भाताचे शेत' होते. डोक्यावर एक छोटी रेघ वाढवली, तर 'पांढरा' होतो. तुम्हांला यात नवल वाटू नये. उर्दूत एकाच आकाराखाली एक नुक्ता दिला की 'बे' होतो, वर दोन दिले की 'ते' आणि तीन दिले की 'से' होतो. एका नुक्त्याची किंमत उर्दू वाचणाऱ्याला कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.

उच्चार इतके का झाले

जपानी लोकांची स्वतःची भाषा होती, पण लिपी नव्हती. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियामार्गे चिनी अक्षरे त्यांच्याकडे रुजू लागली. जपानी भाषेत सूर्याला आणि दिवसाला 'हि' असा शब्द होताच. चिनी चिन्ह मिळाल्यावर लोक त्या चिन्हाकडे पाहून 'हि' वाचू लागले. असा जो घरचा उच्चार, त्याला 'कुन' म्हणतात.

पण चिन्हाबरोबर चिनी शब्दही आले. चिनी उच्चार जपानी जिभेवर बसताना बदलला आणि 'निचि' असा झाला. पुढे सातव्या ते नवव्या शतकांत जपानचे विद्यार्थी आणि भिक्षू चीनच्या राजधानीत शिकायला गेले. तोपर्यंत तेथील उच्चार पालटला होता. त्यांनी आणलेला नवा उच्चार जपानीत 'जित्सु' असा झाला. जुना उच्चारही गेला नाही आणि नवाही राहिला. अशा बाहेरून आलेल्या उच्चारांना 'ओन' म्हणतात.

उर्दू शिकणाऱ्यांना हे समजायला फार सोपे आहे. उर्दूत दिवसाला किती शब्द आहेत पाहा. घरचा शब्द 'दिन'. फारसीतून आलेला 'रोज'. अरबीतून आलेला 'यौम'. तिन्हींचा अर्थ एकच, पण जागा ठरलेल्या. 'यौमे आजादी' म्हणतात, 'रोजे आजादी' म्हणत नाहीत. वर्तमानपत्राला 'रोजनामा' म्हणतात, 'यौमनामा' म्हणत नाहीत. 'दिन-रात' म्हणतात, 'यौम-रात' असे कोणी म्हणत नाही. मराठीतही 'दिवस', 'दिन', 'वार' आणि 'रोज' हे शब्द आपापल्या जागी बसलेले आहेत.

फरक इतकाच की उर्दूत 'दिन', 'रोज' आणि 'यौम' वेगवेगळे लिहितात. जपानीत अशा सगळ्यांसाठी तीच एक चौकट लिहितात आणि वाचणाऱ्याने शब्द ओळखायचा असतो.

चौकट वाचू या

चिन्ह एकटे आले की बहुधा 'हि' वाचतात. 'हि नो दे' म्हणजे सूर्योदय. 'हि नो मारु' म्हणजे सूर्याचा गोल. जपानच्या पांढऱ्या झेंड्यावरील लाल गोलाला हेच नाव आहे. 'आसाहि' म्हणजे सकाळचा सूर्य.

दुसऱ्या शब्दाला जोडून शेवटी आले की पुष्कळदा 'हि' चे 'बि' होते. 'तान्जोबि' म्हणजे वाढदिवस. सगळीकडे असे होत नाही. वरच्या 'आसाहि'त 'हि' तसाच राहिला आहे. मराठीच्या व्याकरणात तुम्ही संधी शिकला आहात. दिक् + अंबर = दिगंबर; येथे 'क्' चा 'ग्' झाला. दोन शब्द जवळ आले की आवाज मऊ होतो, ही गोष्ट दोन्ही भाषांत घडते.

'निचि' हा उच्चार रोजच्या बोलण्यात फार येतो. 'माइनिचि' म्हणजे दररोज. 'इचिनिचि' म्हणजे एक दिवस. जपानी माणूस दुपारी भेटला की 'कोन्निचिवा' म्हणतो, त्यातही हाच 'निचि' आहे. कधी कधी त्याचा 'चि' गळतो आणि पुढचे अक्षर दुप्पट होते. 'निक्कि' म्हणजे रोजनिशी. दहाव्या शतकात, सुमारे ९३५ साली, की नो त्सुरायुकी या कवीने लिहिलेल्या प्रवासवर्णनाचे नाव 'तोसा निक्कि' आहे. 'निक्को' म्हणजे सूर्यप्रकाश. टोकियोच्या उत्तरेला याच उच्चाराचे आणि याच चिन्हांनी लिहिले जाणारे एक प्रसिद्ध गावही आहे.

'जित्सु' हा उच्चार ठरावीक शब्दांत येतो. 'क्यूजित्सु' म्हणजे सुटीचा दिवस. 'शुकुजित्सु' म्हणजे राष्ट्रीय सणाचा दिवस. 'होन्जित्सु' म्हणजे आज. पण हा 'आज' दुकानाच्या पाटीवरचा किंवा सभेतला आहे. घरात आईशी बोलताना मूल 'होन्जित्सु' म्हणणार नाही.

'जित्सु'तला 'त्सु' म्हणून पाहा. जड जातो का? मग 'चूल' हा मराठी शब्द नीट म्हणा. 'चूल' मधला 'च' आणि 'चिमणी' मधला 'च' एक नाहीत. 'चूल' म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि 'त' व 'स' एकदम निघाल्यासारखे वाटतात. जपानी 'त्सु' जवळजवळ तोच आहे. उर्दूत हा आवाज नाही. मराठी शिकताना तुम्ही तो कमावला आणि तो येथे कामी आला.

तारखांची गंमत

महिन्याच्या तारखा सांगताना आपल्या चौकटीचा आणखी एक उच्चार होतो : 'का'. २ तारीख 'फुत्सुका', ३ तारीख 'मिक्का', ४ 'योक्का', ५ 'इत्सुका', ६ 'मुइका', ७ 'नानोका', ८ 'योओका', ९ 'कोकोनोका', १० 'तोओका'. ११ पासून मात्र 'निचि' सुरू होतो : 'जूइचिनिचि'. पण १४ आणि २४ या तारखा पुन्हा 'योक्का' वर जातात आणि २० तारखेला 'हात्सुका' असे खास नाव आहे. ४ चा 'योक्का' आणि ८ चा 'योओका' कानाला इतके जवळचे आहेत की परदेशी माणूस चार तारखेची भेट आठ तारखेची समजू शकतो. म्हणून ऐकताना कान उघडे ठेवावे लागतात.

१ तारीख सर्वांत निराळी. ती 'त्सुइताचि'. या शब्दात निचि, जित्सु, हि किंवा का यांपैकी काहीच नाही. 'त्सुकि' म्हणजे चंद्र किंवा महिना आणि 'ताचि' म्हणजे उगवणे, सुरू होणे. जुन्या जपानात महिना चंद्रावर मोजत. चंद्र नवा झाला की पहिली तारीख. चांद पाहून महिना सुरू करणाऱ्या घरातील मुलांना हा शब्द कधीच परका वाटणार नाही. १ जानेवारी १८७३ पासून जपानने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारले, तरी पहिल्या तारखेच्या नावात जुना चंद्र तसाच आहे.

'आज', 'काल' आणि 'उद्या' या शब्दांतही आपली चौकट लिहितात. आज 'क्यो', काल 'किनो', उद्या 'आशिता'. हे प्रत्येकी दोन चिन्हांनी लिहिलेले शब्द आहेत, पण कोणत्या चिन्हाचा कोणता आवाज ते वेगळे करता येत नाही. 'अडीच' या शब्दात 'दोन' कोणता आणि 'अर्धा' कोणता, हे दाखवता येत नाही, तसेच हे. 'क्यो'ची दोन चिन्हे दुसऱ्या वाक्यात 'कोन्निचि' अशी वाचली तर अर्थ 'आजचा काळ' असा होतो. कोणता उच्चार घ्यायचा हे वाक्य सांगते. उर्दूत 'कल' ऐकल्यावर तो मराठीतला 'काल' की 'उद्या' हे तुम्ही वाक्यावरूनच ठरवता ना?

एका शब्दात दोनदा

आता या पाठातील सर्वांत सुंदर शब्द. जपानीत रविवारला 'निचियोबि' म्हणतात. तो तीन चिन्हांनी लिहितात. पहिले चिन्ह आपली चौकट आणि शेवटचे चिन्हही आपली चौकट. पहिल्या जागी तिचा उच्चार 'निचि' आणि अर्थ सूर्य. शेवटच्या जागी उच्चार 'बि' आणि अर्थ दिवस. सूर्याचा दिवस. आपल्या मराठीत काय आहे? 'रवि' म्हणजे सूर्य आणि 'वार' म्हणजे दिवस. उर्दूतील 'इतवार' हा शब्दही 'आदित्यवार' यावरूनच आला आहे आणि आदित्य म्हणजे सूर्य.

पुढचे वारही पाहा. सोमवार 'गेत्सुयोबि', चंद्राचा दिवस. मंगळवार 'कायोबि', जपानीत मंगळ ग्रहाला अग्नीचा तारा म्हणतात. बुधवार 'सुइयोबि', बुध हा पाण्याचा तारा. गुरुवार 'मोकुयोबि', गुरू हा लाकडाचा तारा. शुक्रवार 'किन्योबि', शुक्र हा सोन्याचा तारा. शनिवार 'दोयोबि'; शनी हा मातीचा तारा. सातही वार आपल्याच क्रमाने आहेत.

हा योगायोग नाही. ग्रहांवरून वार मोजण्याची रीत पश्चिमेकडून भारतात आली आणि भारतातून बौद्ध भिक्षूंबरोबर पूर्वेकडे गेली. आठव्या शतकात चीनमध्ये अमोघवज्र नावाच्या भिक्षूने ग्रह-नक्षत्रांवर एक ग्रंथ तयार केला. कुकाइ नावाचा जपानी भिक्षू इसवी सन ८०६ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याने तो ग्रंथ जपानला आणला. पंचांगात वार लिहिले जाऊ लागले. रविवारची सरकारी सुटी मात्र फार उशिरा, १८७६ साली सुरू झाली.

जपानी मुले आपल्या साध्या आवाजी अक्षरांची उजळणी करतात तीही 'आ, इ, उ, ए, ओ' या क्रमाने आणि पुढे 'का, सा, ता, ना' अशी. हा क्रम संस्कृतच्या वर्णमालेवरून घेतलेला आहे. देवनागरीची बाराखडी शिकलेल्या मुलाला तो ओळखीचा वाटेल.

देशाच्या नावात सूर्य

आपण 'जपान' म्हणतो. जपानी लोक आपल्या देशाला 'निहोन' किंवा 'निप्पोन' म्हणतात. हे नाव दोन चिन्हांनी लिहितात : पहिली आपली चौकट, म्हणजे सूर्य आणि दुसरे चिन्ह 'मूळ' या अर्थाचे. सूर्याचे मूळ, म्हणजे सूर्य जेथून उगवतो तो देश. चीनकडून पाहिले तर जपान पूर्वेलाच आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस आणि आठव्याच्या आरंभी हे नाव रूढ झाले.

'निहोन' खरे की 'निप्पोन'? दोन्ही. टपाल तिकिटांवर आणि नोटांवर रोमन अक्षरांत 'निप्पोन' छापतात. बोलताना बरेच लोक 'निहोन' म्हणतात. २००९ साली जपान सरकारने सांगितले की दोन्ही उच्चार चालू आहेत, एकच ठरवण्याची गरज नाही. आणि आपल्या 'जपान' शब्दातला 'ज' कोठून आला? चीनच्या किनाऱ्यावरील लोक याच चौकटीचा जो उच्चार करीत, तो खलाशी आणि व्यापारी यांच्या तोंडून जगभर गेला. म्हणजे 'जपान' म्हणताना आपणही नकळत तीच चौकट वाचत असतो.

ही लिपी जाता जाता राहिली

तुम्ही म्हणाल, इतकी कटकट कशाला? सोपी लिपी का घेत नाहीत? हा प्रश्न जपानलाही विचारला गेला होता. दुसऱ्या महायुद्धात हरल्यानंतर मार्च १९४६ मध्ये अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांचे एक मंडळ तेथे आले. चिन्हे शिकण्यात मुलांचा फार वेळ जातो, म्हणून ती सोडून रोमन लिपी घ्यावी, अशी शिफारस त्यांनी केली. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली होती. तेथे आजोबांच्या हातचे पत्र नातवाला वाचता येईनासे झाले.

जपानमध्ये १९४८ साली देशभरातील सुमारे १७ हजार लोकांची वाचन-लेखनाची परीक्षा घेण्यात आली. अजिबात लिहिता-वाचता न येणारे लोक शंभरात दोनच्या आसपास निघाले. लिपीमुळे लोक अडाणी राहतात, हे म्हणणे टिकले नाही. चिन्हे राहिली. मात्र त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यात आली. १९४६ च्या सरकारी यादीत १८५० चिन्हे होती. १९८१ मध्ये ती १९४५ झाली आणि २०१० मध्ये २१३६. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुले १०२६ चिन्हे शिकतात. पहिलीच्या वर्गात ८० असतात, आणि आपली चौकट त्यांपैकी एक आहे.

मुलांना मदत म्हणून कठीण चिन्हाशेजारी बारीक अक्षरांत त्याचा उच्चार छापतात. त्याला 'फुरिगाना' म्हणतात. आपल्याकडे लहान मुलांच्या उर्दू कायद्यात जेर, जबर आणि पेश देतात, तसेच हे. मोठे झाल्यावर जेर-जबर लागत नाहीत. अलिफ आणि सीन जोडून लिहिलेला शब्द 'इस' आहे की 'उस', हे तुम्ही पुढचे-मागचे शब्द पाहून क्षणात वाचता. जपानी मूलही मोठेपणी असेच वाचते.

मग शिकावे कसे

आता मुद्द्याचे सांगतो. पुष्कळ विद्यार्थी चिन्ह पाठ करताना 'निचि, जित्सु, हि, बि, का' अशी माळ घोकतात. दुसऱ्या दिवशी माळ आठवते, पण शब्द समोर आला की कोणता मणी घ्यायचा ते कळत नाही. म्हणून उच्चार एकटा पाठ करू नका. शब्दासकट शिका. 'माइनिचि' शिका म्हणजे 'निचि' आपोआप आला. 'क्यूजित्सु' शिका म्हणजे 'जित्सु' आला. 'तान्जोबि' शिका म्हणजे 'बि' आला. एका दिवसाला एक शब्द पुरे, पण त्याचे एक वाक्य वहीत लिहाच.

हीच रीत मराठीलाही लावा. 'जग' हा शब्द पाहा. 'जग फार मोठे आहे' येथे त्याचा अर्थ दुनिया. आणि 'तू सुखाने जग' येथे अर्थ जिंदगी गुजार. लिहिण्यात फरक नाही, पण पहिल्या 'जग' मधला 'ज' 'जेवण' मधल्यासारखा आणि दुसऱ्यातला 'ज' 'द' व 'झ' मिसळल्यासारखा. 'चार पुस्तके' आणि 'गाईचा चारा' यांतले 'च' ही असेच वेगळे. यांची यादी घोकून कोणी शिकत नाही. वाक्य ऐकावे, वाक्य म्हणावे.

आपल्यातील अनेक मुले सकाळी अरबी, वर्गात उर्दू, मग मराठी, हिंदी आणि इंग्रजी वाचतात. काही अक्षरे उजवीकडून डावीकडे, काही डावीकडून उजवीकडे. याला कोणी ओझे म्हणते. पण जपानी मूलही दोन प्रकारची आवाजी अक्षरे, शेकडो कांजी आणि रोमन लिपी एकाच पानावर वाचते. ज्याच्या डोळ्यांना अनेक लिप्यांची सवय आहे, त्याला आणखी एक लिपी भीती घालू शकत नाही. मौलाना बरकतुल्ला भोपाळी १९०९ साली टोकियोला गेले आणि तेथील विद्यार्थ्यांना हिंदुस्तानी शिकवू लागले. आपली भाषा शिकायला तेथे विद्यार्थी होते. त्यांची भाषा शिकायला आपल्याकडेही विद्यार्थी असावेत. पुण्या-मुंबईत जपानीचे वर्ग चालतात.

जपानीत एक म्हण आहे : 'मिक्का बोझु'. 'मिक्का' म्हणजे तीन दिवस आणि 'बोझु' म्हणजे साधू. मोठ्या उत्साहाने मठात जायचे आणि तिसऱ्या दिवशी घरी परतायचे, अशा माणसाला हे नाव देतात. नवी वही आणून तीन दिवस अभ्यास करणारा विद्यार्थी म्हणजे मिक्का बोझु. या म्हणीतही आपलीच चौकट आहे. तुमच्या वहीत ती चौथ्या दिवशीही काढलेली दिसू द्या.

शब्दार्थ

चौकट – चौखटा
उच्चार – तलफ्फुज
फटकारा – कलमाची एक ओढ
संधी – दोन आवाजांचा मिलाप (व्याकरणातील)
रोजनिशी – रोजनामचा, डायरी
योगायोग – इत्तिफाक
रूढ – राइज
शिफारस – सिफारिश
आटोक्यात – काबूत
घोकणे – रटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कांजी म्हणजे काय?
(आ) सूर्याचे गोल चित्र चौकोनी का झाले?
(इ) जपानमध्ये रविवारची सरकारी सुटी कोणत्या साली सुरू झाली?
(ई) 'फुरिगाना' कशाला म्हणतात?

प्र. २. जोड्या लावा.
'अ' गट : (१) माइनिचि (२) क्यूजित्सु (३) तान्जोबि (४) हि नो दे (५) हात्सुका
'ब' गट : (अ) वीस तारीख (आ) सूर्योदय (इ) दररोज (ई) वाढदिवस (उ) सुटीचा दिवस

प्र. ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'निचि' आणि 'जित्सु' असे दोन चिनी उच्चार जपानीत कसे आले?
(आ) 'निचियोबि' आणि 'रविवार' या शब्दांत कोणते साम्य आहे?
(इ) १९४८ सालच्या परीक्षेतून काय दिसून आले?

प्र. ४. पुढील जपानी वाक्ये वाचा. त्यांत आपली चौकट एकूण सहा वेळा लिहिली जाते. ती कोणकोणत्या शब्दांत येते ते शोधा.
'हात्सुका वा निचियोबि दे, तोमोदाचि नो तान्जोबि देसु. क्यो वा योइ हि देसु.'
(अर्थ : वीस तारखेला रविवार आहे आणि मित्राचा वाढदिवस आहे. आजचा दिवस चांगला आहे.)

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) 'जग' हा शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यांत वापरा आणि वाक्ये मोठ्याने म्हणा.
(आ) ज्यांतील 'च' 'चूल' सारखा आहे असे तीन आणि ज्यांतील 'च' 'चिमणी' सारखा आहे असे तीन शब्द लिहा.
(इ) 'दिन', 'रोज' आणि 'यौम' हे शब्द असलेले प्रत्येकी दोन उर्दू शब्द लिहून त्यांचे मराठी अर्थ सांगा.

उपक्रम : सात वारांची मराठी, उर्दू आणि जपानी नावे एका तक्त्यात लिहा व तक्ता वर्गात लावा. कोणती नावे सूर्य, चंद्र आणि ग्रहांवरून आली आहेत त्यांवर खूण करा.